चावी काढल्यावरही चालू राहिलेली गाडी

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. या एका अपघाताचा तपास मात्र मला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत जसाच्या तसा आठवतो. कारण यात आरोपी पहिल्या वाक्यापासून खरं बोलत होता आणि ते खोटं ठरवण्यासाठी मी स्वतः दोन दिवस खर्च केले होते.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. धामणगाव बढेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आठवडी बाजार भरला होता. सकाळी अकराच्या सुमारास फोन आला की एक चारचाकी भाजीच्या दुकानात घुसली आहे. मी दोन कर्मचारी घेऊन निघालो. पोहोचलो तेव्हा भाजी विकणाऱ्या जखमी बाईंना दवाखान्यात हलवलं होतं. त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला होता, डोक्यालाही मार होता. रस्त्यावर वांगी आणि मेथी तुडवली गेली होती. गाडी शांत उभी होती, पण सगळीकडे जळक्या तेलाचा वास होता.

चालक पळून गेला नव्हता. पंचेचाळिशीचा, संग्रामपूरकडचा माणूस, एका बियाणे-व्यापाऱ्याकडे बारा वर्षांपासून कामाला. तो गाडीशेजारी जमिनीवर बसला होता. मला पाहताच उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, म्या चावी काढेल होती. तरी बी गाडी बंदच नाही होऊन राह्यली."

माझ्या हवालदाराने तिथेच त्याला सुनावलं, "काऊन बे, चावी काढल्यावर गाडी चालते काय? आम्हाले येडं समजतं?"

खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं. अपघातानंतर चालक काय काय सांगतात ते मी खूप ऐकलं होतं. ब्रेक फेल झाला, कुत्रं आडवं आलं, समोरच्याने डोळ्यांवर लाइट मारला. चावी काढली तरी गाडी चालत राहिली, हे मात्र पहिल्यांदाच ऐकत होतो.

रीतसर पंचनामा केला. रस्ता उताराचा होता आणि बाजारापाशी डावीकडे वळत होता. टायरच्या घासल्याच्या खुणा वळणावर न वळता सरळ दुकानाकडे गेल्या होत्या. चालकाच्या दारूच्या तपासणीत काही निघालं नाही. भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात ओढून आणली. मोटार वाहन निरीक्षकांनी पाहून अहवाल दिला: ब्रेक व स्टेअरिंग सुस्थितीत, इंजिन जाम. म्हणजे दोष चालकाचा. चालकाला जामीन मिळाला, पण बाईंची प्रकृती नाजूक होती. त्या गेल्या असत्या तर कलम वाढलं असतं. परवाना जाणार, नोकरी जाणार आणि वर तुरुंग, हे त्यालाही कळत होतं.

दोन दिवस मी त्याला बोलावून तेच ते विचारलं. मोबाइलवर बोलत होतास का? झोप लागली का? दर वेळी तो त्याच क्रमाने तेच सांगे. उतारावर इंजिन आपोआप किंचाळायला लागलं, मागे पांढरा धूर झाला. क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले, तर आवाज आणखी वाढला. गाडी फुटते की काय म्हणून चावी बंद केली, मग ओढून बाहेरच काढली. ब्रेक लागत होता, पण उतारावर गाडी थांबायच्या आत वळण आलं आणि स्टेअरिंग वळेना.

खोटं बोलणारा माणूस प्रश्न बदलला की उत्तरात थोडी डागडुजी करतो. हा करत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला तो हट्टी वाटला.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात एक फोन आला. बोलणारा जवळच्याच गावातला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री होता. गाडी ओढून नेताना त्याने पाहिली होती.

"साहेब, त्या गाडीच्या सायलेन्सरमधून तेल गळून राह्यलं होतं. डिझल नाही, इंजिनचं ऑइल. तुमच्यातल्या कोनी बोनट खोलून पाह्यलं काय?"

आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. मी त्याला बोलावलं, निरीक्षकांना परत यायची विनंती केली आणि दोन पंचांसमोर बॉनेट उघडलं. मिस्त्रीने इंजिनात हवा नेणारा जाड रबरी पाइप सोडवला. त्यातून काळं तेल भदाभदा जमिनीवर पडलं. तेल मोजायची पट्टी काढली, तर ती कोरडी. टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा, त्याचा दांडाच तुटला होता.

"हा पंखा तुटला अन् तेल हवेच्या नळीत गेलं," मिस्त्री म्हणाला. "मंग इंजिन डिझलवर नाही, सोताच्याच तेलावर चालाले लागलं. चावीनं डिझल बंद होते साहेब. तेल कसं बंद होईन? सारं तेल पिऊन जाम झालं, तवाच थांबलं."

निरीक्षकांनी मान डोलावली. ते म्हणाले, "असं क्वचित होतं, पण होतं. आणि चावी बाहेर काढली की स्टेअरिंग लॉक होतं. वळणावर गाडी सरळ का गेली, त्याचं उत्तर हे."

मी तिथूनच दवाखान्यात गेलो. बाई शुद्धीवर होत्या. आमच्या हवालदाराने आधी त्यांचा जबाब घेतला होता, पण मला तो पुन्हा ऐकायचा होता. त्या म्हणाल्या, "तो मानूस उतरून मले उचलाले धावला. गाडी त्याच्या मागं एकटीच बोंबलून राह्यली होती. त्याच्या हातात चावी होती. मले उचलताना ती माह्या गालाले टोचली."

"हे तुम्ही आधी सांगितलं होतं?"

"सांगतलं ना. लिहिलं नाही काय?"

लिहिलं नव्हतं. हवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "डोक्याले मार होता साहेब, मले वाटलं भ्रमात बोलून राह्यल्या." मी त्याच्यावर रागावू शकलो नाही. मीही तेच केलं असतं.

एक प्रश्न उरला होता. जेमतेम दोन वर्षांच्या गाडीचा टर्बो तुटलाच का? मिस्त्रीचा अंदाज होता की कोणीतरी इंजिनाचा जोर वाढवला असावा. मी गाडीच्या मालकाला, म्हणजे त्या बियाणे-व्यापाऱ्याला, बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. "शोरूममधून निघाली तशीच आहे गाडी. ड्रायव्हरनेच दामटली असेल." मी वाद घातला नाही. इंजिनाचा छोटा संगणक काढून सीलबंद केला आणि कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे तपासणीला पाठवला. उत्तर स्पष्ट होतं: आतला प्रोग्रॅम कंपनीचा नाही, बदललेला आहे. तो कागद मी मालकासमोर ठेवला.

"घाटात ट्रकच्या मागे रांगत जायचा कंटाळा आला होता," तो म्हणाला. "कोणीतरी सांगितलं, लॅपटॉप लावून तासाभरात गाडीचा जोर वाढवून देतात. दिला त्याने. खरंच वाढला होता साहेब."

हे काम करणारा माणूस जिल्ह्यातच सापडला. इंजिनिअरिंग शिकलेला, साधा, कामाची मनापासून आवड असलेला. त्याने काहीच लपवलं नाही. लॅपटॉपवर प्रत्येक गाडीची मूळ फाइल तारीखवार जपून ठेवली होती. ही गाडीही त्यात होती. मला आता गुन्ह्यापेक्षा गोष्ट समजून घ्यायची ओढ लागली होती. मी विचारलं, "कंपनी स्वतःच एवढा जोर का देत नाही?"

त्याने नीट समजावलं. कंपनी इंजिनाच्या ताकदीचा काही भाग मुद्दाम वापरत नाही. कुठे डिझेल खराब मिळतं, कुठे उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, कोणी तेल वेळेवर बदलत नाही, कोणी दुप्पट माल भरतो. त्या सगळ्यांसाठी तो भाग राखून ठेवलेला असतो. हा माणूस प्रोग्रॅम बदलून डिझेल आणि हवेचा दाब वाढवायचा आणि राखलेली ताकद मोकळी करायचा. मग टर्बो जास्त फिरतो, जास्त तापतो.

"मी मालकाला सांगितलं होतं," तो म्हणाला. "तेल लवकर बदला. गाडी जोरात चालवून आणली की लगेच बंद करू नका, टर्बो थंड व्हायला दोन मिनिटं चालू राहू द्या."

"आणि हे चालकाला कोण सांगणार होतं?"

त्याने लॅपटॉप मिटला.

तपासाचा भाग म्हणून मी त्याच्या स्वतःच्या गाडीत बसलो. तीही अशीच बदललेली होती. मोकळ्या रस्त्यावर त्याने पाय दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली. इथे कबूल करायला हरकत नाही, मला ते आवडलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ते आवडावं याचं मलाच आश्चर्य वाटलं. त्यानंतर मालकाचा मोह मला कळला, पण त्याने केलेली लपवाछपवी मात्र कळली नाही. कारण चालकाने अपघाताच्या महिनाभर आधी त्याला सांगितलं होतं की गाडी तेल खाते आहे. मालकाने उत्तर दिलं होतं, "तू गाडी चालव, इंजिन मला शिकवू नको."

तज्ज्ञांच्या अहवालात वाढवलेला दाब आणि त्याची उष्णता हे टर्बो तुटण्याचं संभाव्य कारण म्हणून नोंदलं गेलं. दोषारोपपत्रातून चालकाचं नाव वगळलं. वाहनात बेकायदा बदल केल्याबद्दल आणि तपासात खोटी माहिती दिल्याबद्दल मालकावर कारवाई झाली, प्रोग्रॅम बदलणाऱ्यावरही झाली. बाई चार महिन्यांनी काठी घेऊन पुन्हा बाजारात बसू लागल्या.

या प्रकरणानंतर मी ठाण्यात एक नियम केला. माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, पटो वा न पटो. आणि जे पटत नाही ते आधी तपासायचं. अनुभवाचा एक धोका असतो. शंभर वेळा खोटं ऐकलेला कान एकशे एकाव्या वेळी खरंही खोट्याच्याच रांगेत बसवतो. इंजिनातली राखीव जागा त्या मालकाने संपवली होती, आणि आपलंच चुकत असेल या शंकेची राखीव जागा मी.

चालक आपला परवाना परत न्यायला आला तेव्हा मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि चहा मागवला. त्याला मी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं. तो थोडा अवघडला. चहा झाल्यावर त्याने विचारलं, "साहेब, राग नका मानू. पह्यल्याच दिवशी बोनट काऊन नाही खोललं?"

मी सरळ सांगितलं, "चुकलं माझं."

त्याने परवाना शर्टाच्या खिशात नीट ठेवला, वरून हात फिरवला आणि उठत म्हणाला, "जाऊ द्या साहेब. आता म्होरं कोनी असंच अजब काही सांगतलं, तं त्याले दोन दिवस बसवून ठेवू नका."