मंगळवारी आम्ही नव्हतो

"बोशो ना, जायगा आछे." बस की, जागा आहे. माशीमा असं म्हणायच्या तेव्हा जागा असायचीच असं नाही. बाकावर चौघं दाटून बसलेले, खाली सतरंजीवर बायका, कोपऱ्यात कुणाचं तरी पोर झोपलेलं. तरी त्या पदरानं बाकाची कड पुसायच्या आणि बसलेल्यांकडे अशा बघायच्या, की ते आपोआप सरकायचे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. असली तर नीट बघून ठेवा.

माशीमा म्हणजे मावशी. बंगालीत वयस्कर बाईला सगळेच तसं म्हणतात. आमच्या वॉर्डातल्या पालिकेच्या जुन्या सभागृहाच्या त्या राखणदार होत्या, रोजंदारीवर. सभागृह म्हणजे तरी काय, एक लांब खोली, मागं ओसरी आणि एक नळ.

मी खानापूर तालुक्यातला. आठवीत शाळा सोडली आणि तात्यांच्या मागं कलकत्त्याला आलो, सोन्याच्या गलाईला. तात्या आमच्याच गावचे, दुकानाचे मालक. सोनारांकडून मोडीचं सोनं आणायचं, भट्टीत वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं. दुकान एका खोलीचं. तिथंच काम, तिथंच झोप. लग्न झालं, बायको आली, मुलगी झाली आणि तेजाबाच्या धुरानं पोरगी सारखी खोकायला लागली. एकदा तिला घेऊन सभागृहाच्या पायरीवर हवेला बसलो होतो. माशीमा बाहेर आल्या.

"तुम बाप है कि दरवान? बाहर काहे बैठा है?"

असं म्हणून पोरगीला घेऊन त्या आत गेल्यासुद्धा. मला मागं जावंच लागलं.

तेव्हापासून भट्टी पेटली की बायको आणि पोरगी सभागृहात. मग इतर गलाईवाल्यांच्या बायका यायला लागल्या, मग संध्याकाळी आम्हीच. आमचा गणपतीही तिथंच बसला. आमच्या जेवणाचा मात्र त्यांनी धसका घेतला होता. एकदा खर्डा चाखला आणि नळाकडे धावल्या. "तुम लोग पेट में भी भट्टी जलाता है क्या रे?"

आमच्यावर विश्वास एवढा, की संध्याकाळी चावी माझ्याकडे देऊन घरी जायच्या.

एक दिवस म्हणाल्या, "मंगलवार को साहेब लोग देखने आएगा." एवढंच. 'तुम्ही या' म्हणाल्या नाहीत. कशाला म्हणतील? आम्ही रोजच यायचो.

पालिकेनं ठरवलं होतं, वॉर्डात विखुरलेल्या लहान जागा बंद करून वाचनालय, दवाखाना, सभागृह सगळं मोठ्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत एकत्र आणायचं. ज्या जागेत माणसं येतात ती राहील. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आमच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, साहेब येणार.

आमच्या धंद्यात साहेब म्हणजे तपासणी. कागद सगळे असले तरी भीती असतेच. तात्या म्हणाले, "आपल्यापायी म्हातारी गोत्यात यायला नको. म्हणतील, परगावची माणसं घुसवली. मंगळवारी कुणी तिकडं फिरकू नका. आणि जागा अशी करा, जणू आपण कधी आलोच नव्हतो."

सोमवारी संध्याकाळी मीच कुलूप उघडलं. पोरांच्या झोळ्या सोडल्या, दोरीवरचे कपडे, स्टो, सतरंज्या उचलल्या. मग झाडलं. केर काढण्यात गलाईवाल्याचा हात कुणी धरणार नाही. आमच्या दुकानातल्या केरातही सोनं असतं, ते आम्ही ब्रशनं फटीफटीतून काढतो. त्याच हातानं सभागृह झाडलं.

मंगळवारी मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा होतो. दार उघडंच होतं, बोलणं ऐकू येत होतं. त्यातले एक हिंदी बोलणारे साहेब फरशीकडे बघून हसले.

"दिदी, यहाँ तो धूल भी नहीं बैठती, आदमी क्या बैठेगा?"

"बैठता है साहेब. बहुत लोग बैठता है."

"कहाँ हैं?"

माशीमा दारात आल्या. गल्लीभर बघितलं. मग त्यांना मी दिसलो. मी मातीचा कप तोंडाला लावला. चहा कधीच संपला होता, तरी पीत राहिलो. त्यांनी हाक मारली असती तर मी गेलो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं आहे. त्यांनी मारली नाही. आत वळून म्हणाल्या, "आज नहीं आया."

संध्याकाळी तात्या काम फत्ते झालं समजून संदेश मिठाई घेऊन गेले. माशीमांनी एक तोंडात टाकला, म्हणाल्या, "कितना सुंदर साफ किया तुम लोग!" आणि मग साहेब कशाला आले होते ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पालिकेत गेलो. म्हणजे दारापर्यंत. तिथल्या माणसानं "काय काम?" विचारलं आणि तात्या म्हणाले, "काही नाही, चुकून आलो."

सभागृह बंद झालं. नवी इमारत चांगली आहे, खोटं कशाला बोलू? लिफ्ट आहे, पंखे आहेत. माझी मुलगी तिथं चित्रकला शिकते. खोकला गेला. हे लिहितानाही माशीमा दारातून बघताहेत असं वाटतं. तिथं माशीमांना काम नव्हतं. त्या बराकपूरला भाच्याकडे जायला निघाल्या.

त्या दिवशी सियालदा स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. भट्ट्या बंद ठेवून, बायकापोरं घेऊन. तात्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली होती. फलाटावर आमची एवढी गर्दी, की फेरीवाले वळसा घालून जात होते. गाडीत माशीमांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी खिडकीतून बघत विचारलं, "एतो लोक! एरा के, दिदी?" एवढी माणसं, कोण ही?

माशीमांनी आमचा एकेक चेहरा बघितला. माझाही.

"आमार ओखाने आशे," त्या म्हणाल्या. "रोज आशे."

आमच्याकडे येतात. रोज येतात.

गाडी हलली. हात फक्त पोरांनी हलवले.