फ्रान्सच्या मास्तरासाठी नेलेला नारळ

साल दोन हजार चोवीस. माझं वय त्र्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत; पण अहमदपूरकडच्या आमच्या गावात पखवाज म्हटलं की माझंच नाव. हल्ली बोटं आखडतात. मारुतीच्या देवळात काकडा (पहाटेचं भजन) चालू होता आणि रोज ताल हुकत होता. मंडळी म्हणाली, "तुमच्या चेल्याला, किसनला वाजवू द्या." मी म्हणलो, मी जिता हाय तोवर पखवाजाला दुसऱ्याचा हात लागणार न्हाई.

अशात लेकीचा फोन आला. ती नांदेडला कॉलेजात शिकवते. "बाबा, फ्रान्सच्या मोठ्या संगीत मास्तराचा कार्यक्रम हाय. या."

एवढ्या लांबून मास्तर येतो, मग रिकाम्या हातानं कसं जावं? नारळ, टोपी अन् दस्ती (मोठा रुमाल) पिशवीत घातली आणि एस.टी.त बसलो.

लोह्याला भजी खाल्ली. भजी गरम, मिरची त्याहून गरम. शेजारच्यानं विचारलं, "मामा, नारळ कुणाला?"

"फ्रान्सच्या मास्तराला."

"मंग फ्रान्स नांदेडच्या अल्याड का पल्याड?"

मी तोंड फिरवलं. गोदावरीचा पूल आला तेव्हा कुठं राग उतरला.

हॉलात मला पुढं बसवलं. लेक स्टेजवरून सांगू लागली. मास्तराचं नाव बेलमार. पाव भाजणाऱ्याचा पोरगा. पॅरिसला जाऊन शिकला, चाली कागदावर लिहिल्या, अन् हातात काडी घेऊन पन्नास वाजवणाऱ्यांपुढं उभा राहिला. देशोदेशी नाव झालं.

मी खालूनच विचारलं, "तो स्वतः काय वाजवायचा?"

"काही न्हाई, बाबा. वाजवून घ्यायचा."

वाजवत न्हाई, गात न्हाई, तरी मास्तर! "बरं, येणार कधी?"

"बाबा, त्याला जाऊन लई वर्षं झाली."

लोक हसले. नारळ मांडीवर तसाच.

मग कॉलेजच्या पोरांनी त्याच्या चाली वाजवल्या. पुण्याचे एक सर काडी हलवत होते, आमच्याकडं पाठ करून. पाहुण्यांना पाठ? मी उठलो. "सर, तोंड इकडं करा!" लेकीनं डोळे वटारले. सर काही वळले न्हाईत.

शेवटी लेक म्हणाली, म्हातारपणी बेलमारचा हात कापू लागला. त्यानं काडी चेल्याला दिली अन् खाली खुर्चीत बसून आपल्याच चाली ऐकल्या.

तिच्या घरी भाकरी-पिठलं खाताना विचारलं, "हे शेवटचं माझ्यासाठी जोडलंस का?"

"पुस्तकात हाय, बाबा. नारळ सरांना द्यायचा होता."

"आमच्याकडं पाठ करणाऱ्याला?"

पण सत्काराला काढलेला नारळ घरात परत घेत न्हाईत. परतीच्या गाडीत तो पायाशी गडगडत राहिला. खुर्चीत बसलेला तो माणूस मास्तर का नुसता ऐकणारा, मला काही कळेना. आजही नीट कळलेलं न्हाई.

गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला देवळात किसनला टोपी घातली, दस्ती दिली, हातात नारळ ठेवला अन् पखवाज त्याच्यापुढं सरकवला. मी खाली सतरंजीवर बसलो. त्याचा पहिलाच ताल हुकला. मी बोटं मांडीखाली दाबून धरली.