निम्मा भरडा

"आईबाप राहू द्या हो, आजी कशी होती ते सांगा!" लठ्ठ माणूस दिसला की आमचे सर हे विचारायचेच. नव्या प्राचार्यांनाही विचारलं. साहेब पुढे वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

साठ सालच्या आसपास नंदुरबारला सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. मुंबईहून आणलेले पांढरे उंदीर त्यांनी मागच्या खोलीत वाढवले होते. वास असा, की पहिल्याच दिवशी मी नोकरी सोडायच्या बेतात होतो. त्यांतल्या काही सडपातळ जोड्यांना मध्येच एखादं गोलमटोल पिल्लू व्हायचं. ते मोठं झालं की पिंजऱ्याखाली मुंग्या लागायच्या, कारण लघवीत साखर. सर सांगायचे, हा गुण आईबापांत दडून असतो, दोघांकडून आला की पिल्लात उघडा पडतो.

मला वाटे, काय हे वेड! त्यांच्या घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. सरांची धाकटी बहीण लहानपणापासून लठ्ठ, दोन स्थळांनी नाकारलेली. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा उठली की तिसरे पाहुणे येणार होते, म्हणून म्हाताऱ्या आईने तिला अर्ध्या भाकरीवर ठेवलं होतं. चोरून खाते म्हणून डब्यांना कुलपं लावली, तरी पोरगीचं वजन उतरेना. म्हातारी मला म्हणाली, "मी बारीक, हिना बाप बारीक. मंग हाई चोरीसनच खास."

सरांनी परोपरीने समजावलं. म्हातारी ढिम्म. एका सकाळी पोरगी पाणी शेंदता शेंदता विहिरीच्या काठावरच चक्कर येऊन कोसळली. शेजारणीने ओढली म्हणून वाचली. तरी आईचा हट्ट कायम. पाहुणे तर तोंडावर आलेले.

इकडे सरांनी बऱ्याच दिवसांपासून एका लठ्ठ उंदराचा भरडा निम्मा केला होता. रोज तराजूवर तोलून द्यायचे. माझ्या हातून चिमूटभर जास्त पडला तर माझी धडगत नसे. पोरगी कोसळली त्याच दिवशी ते आईला हाताला धरून उंदरांच्या खोलीत घेऊन आले. दोघांचे चेहरे बघून मी दार लोटून घेतलं.

म्हातारी पिंजऱ्यापुढे वाकली. उंदराचे पाय काड्यांसारखे झाले होते, केस झडले होते, आणि पोट मात्र तसंच गोल. त्याला उभंही राहवत नव्हतं.

"याना मायबाप?" तिने विचारलं.

सरांनी शेजारचा पिंजरा दाखवला. "दोन्ही बारीक, माय."

ती त्या जोडीकडे वळली. मग हे आपल्याकडूनच आलं का, असं अगदी हळू विचारलं, "म्हंजे पोरगीले हाई मन्हाकडथीन उनं?"

"तुन्हाकडथीन भी, बापकडथीन भी."

आता ही रडणार, असं मला वाटलं. तिने पिंजऱ्याजवळच्या डब्यात हात घातला, मूठभर भरडा काढला आणि त्या उंदरापुढे ओतला. इतक्या दिवसांचा प्रयोग तिथेच बुडाला. मी सरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

म्हातारीने पदराला हात पुसले.

"चाल घर," ती म्हणाली. "पोरगी भुकी शे."