आचाऱ्यांचा अर्धा र
कोड नीटनेटका असावा, याला माझी ना नाही. पण नुसतं दिसायला बरं म्हणून चालत्या कोडमध्ये हात घालणाऱ्यांची मला भारी चीड येते.

जगभरची माणसं मिळून फुकट लिहितात अशा, अक्षरं पडद्यावर नि कागदावर उमटवणाऱ्या एका मोठ्या सॉफ्टवेअरवर आम्ही दोघी परभणीतून काम करतो. माझ्या जोडीची मुलगी पेडगावची. वडील लग्नाकार्यातले आचारी. त्यांनी 'आचाऱ्यांची बैठक' म्हणून कागद छापून घेतला, तर जुन्या फॉन्टमधून तो 'आचार्यांची बैठक' होऊन आला. लोक येताजाता त्यांच्या पाया पडायचं नाटक करू लागले. म्हणून हिनं, डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह घालून, आमच्या कोडच्या एका ओळीत तो अर्धा र जागेवर आणला. प्रकल्पातली तिची ती पहिली ओळ.

मग परदेशातल्या एका जुन्या जाणत्यानं प्रस्ताव टाकला: जादा मोकळ्या जागा, न दिसणारी चिन्हं, सगळं झाडून काढू. वर शेरा, 'फक्त दिसण्यातला बदल'. त्यात हिची ओळही जात होती. निम्मे म्हणाले, वाचायला सोपं होईल. निम्मे म्हणाले, कुठली ओळ कुणी का लिहिली याचा मागच पुसला जाईल. माझं डोकं फिरलं. मी त्या गृहस्थाचा खरपूस समाचार घ्यायला बसले.

"ताई, तुमी थांबा जरा," ती म्हणाली. "मी लिहायलेय ना. त्याला दिसंना म्हणून तो काढायलाय. वाईट न्हाई तो."

तिनं दोनच वाक्यं टाकली, सफाईच्या आधीचं आणि नंतरचं. 'आचाऱ्यांना कांदे चिरायला बसवा.' 'आचार्यांना कांदे चिरायला बसवा.' खाली इंग्रजीत अर्थ: आधी स्वयंपाकी, नंतर गुरुजन. बास. मी हसून हसून बेजार झाले. पोरीचं लय कौतुक वाटलं. असं भांडण मला जन्मात जमलं नसतं.

कौतुक त्या माणसाचंही. त्यानं हुज्जत घातली नाही. ती ओळ राहू दिली, वर तिचं पहिलं वाक्य कायमच्या चाचणीत घातलं. आता त्या भागात कुणीही काही बदललं, की आधी ते वाक्य नीट उमटतंय का ते तपासलं जातं.

तिनं माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "अन् उद्या दुसऱ्या कुणी झाडलं तर?"

"झाडू द्या की, आबा. तुमाला कांद्याला बसवल्याबिगर आता कुणालाच पुढं जाता येत न्हाई."