औषध घातलंय

मक्याच्या पोंग्यात डोकावणं हे माझं काम. ठरवून दिलेल्या शेतांत दर आठवड्याला जायचं, रोपाच्या मधल्या कोवळ्या गुंडाळीत अळी आहे का बघायचं आणि मोबाईलवरून फोटो वर पाठवायचे. देशभरातून असे फोटो जमतात, तेव्हा कळतं की बाहेरून आलेली ही लष्करी अळी कुठवर पोचली. लोकांच्या रानात ती सापडली की मी मोठ्या तोऱ्यात सल्ले देई. हातकणंगल्याजवळच्या आमच्याच मक्यात दिसली तेव्हा मात्र तोरा उतरला. पानांची चाळण झाली होती.

विषारी आमिष करायचं ठरलं. भाताचा कोंडा आणि गूळ कालवून दिवसभर आंबवायचा, पोंग्यात टाकायच्या जरा आधी त्यात कीटकनाशक मिसळायचं. कीटकनाशक हा शब्द कागदावरचा. आमच्याकडे सगळे औषधच म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं.

नवऱ्यानं गोठ्याच्या कट्ट्यावर घमेल्यात ते कालवलं. "आई, औषध घातलंय बघ त्यात!" असं सासूबाईंना ओरडून सांगितलं आणि कामावरच्या बायकांना बोलवायला तो रानाकडं गेला.

मी घरी आले तर घमेलं म्हशीपुढं, चाटून लख्ख. सासूबाई खुशीत होत्या. म्हैस आजारी होती, वैरणीला तोंड लावत नव्हती, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी आंबोणातून द्यायला पूड दिली होती. कोंडा, गूळ, आंबूस वास. म्हशीचं आंबोण तरी वेगळं काय असतं?

"सगळं खाल्लं बघ. हातानं चारलं म्या," त्या म्हणाल्या.

"आत्ती, हात धुवा! तोंडाला लावू नका, आधी साबणानं हात धुवा!" मी किंचाळले. तेवढ्यात म्हशीच्या तोंडातून लाळेच्या तारा लागल्या, पाय थरथरू लागले. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. मी एकदा म्हशीच्या पोटाकडं बघत होते, एकदा सासूबाईंच्या बोटांकडं. इतकी भ्याले होते की त्यांना दहादा विचारलं, मळमळतंय का, डोळ्यांपुढं अंधारी येतेय का. त्यांना काही झालं नाही. म्हैस मात्र दिवस मावळायच्या आत गेली.

नवरा आईवर ओरडायला पुढं झाला. सासूबाई त्याच्याहून मोठ्यानं म्हणाल्या, "तूच म्हणलास की, औषध घातलंय म्हणून!" तो खाली बसला. मला संताप येत होता, पण काढायचा कुणावर?

आमिष पुन्हा केलं, मका बराचसा वाचला. मी अजून रानोमाळ हिंडते, फोटो पाठवते.

सासूबाईंना रक्तदाबाची गोळी असते. रोज सकाळी मी ती पाण्याच्या तांब्याबरोबर पुढं करते. पूर्वी त्या न बघता गिळायच्या. आता तळहातावर घेऊन बसतात आणि विचारतात, "ह्ये माणसाचंच हाय न्हवं?" मी हो म्हणते. मग आत जाऊन पाकिटावरचं नाव पुन्हा वाचते.