अर्धी भिंत

आमचे हे चारचौघांत माझ्याशी कधी बोलले नाहीत. बोलायचे ते खांबाशी. ओसरीवर एक सागाचा खांब होता, जेवताना त्याला टेकून बसायचे आणि त्यालाच सांगायचे, "आज कालवणात मीठ जरा कमी हाय बरं का." मग मी मुकाट्यानं मिठाची वाटी उंबऱ्यावर आणून ठेवायची. बाजाराला निघाले की बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "राजा, वेल्ह्याला चाललोय. कुणाला काय पायजेल आसंल तर आत्ताच सांगावं." मीही काही कमी लाजरी नव्हते. मी चुलीपुढच्या मांजरीला सांगायची, "मने, सुई-दोरा संपलाय." आमच्या संसाराची सुरुवातीची वर्षं अशी एका बैलाच्या आणि एका मांजरीच्या मध्यस्थीनं चालली.

माणूस अंगानं थोराड, पण लाज एवढी, की मी समोरून हंडा घेऊन आले तर हे बांधावरून खाली शेतात उतरायचे. गावानं मात्र त्यांना नाव ठेवलं ते लाजेवरून नाही. गाव त्यांना 'अर्धी भिंत' म्हणायचं. अर्धी भिंत आली, अर्धी भिंत गेली, अर्ध्या भिंतीला निरोप द्या. एखाद्याचं काम रखडलं की त्यालाही म्हणायचे, "तू काय अर्ध्या भितीच्या घरातला का रं?" त्या नावामागची खरी गोष्ट गावाला कधी कळली नाही. आता हे नाहीत, मामंजी नाहीत, माझंही लाजायचं वय सरलं, म्हणून सांगते. तरी सांगताना पदर तोंडाशी जातोच.

माझं माहेर वरव्याचं. सासर विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराखालच्या वाडीत. तेव्हा आमच्याकडं संस्थानचा अंमल होता. घरात माणसं तीनच, मामंजी, हे आणि मी. सासूबाई हे लहान असतानाच बाळंतपणात गेल्या होत्या, आणि पोटातलं लेकरूही त्यांच्याबरोबर गेलं. त्या वर्षी मामंजींनी नवा गोठा बांधला होता. आमच्या भागात असं मानतात, की बाई पोटुशी असताना नवऱ्यानं घराचं बांधकाम करू नये, खांब रोवू नये, भिंत चढवू नये. मामंजींनी त्या वेळी ऐकलं नाही, पावसाआधी गोठा पुरा केला. सासूबाई गेल्यावर लोक जे बोलायचं ते बोलले. मामंजी त्यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना त्या गोठ्यात पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं. गुरं दारापर्यंत आणायची, आणि आत बांधायची ती ह्यांनी.

ह्यांच्या हाताला स्वस्थता म्हणून नव्हती. मी घरात आल्यापासून घरात रोज काहीतरी व्हायला लागलं. चुलीच्या धुरानं माझे डोळे लाल झालेले दिसले, तर दुसऱ्या दिवशी चुलीवरच्या भिंतीला झरोका पडला. मामंजींनी विचारलं, तर म्हणाले, "मांजराला धूर सोसंना." डोक्यावरचा हंडा उतरवताना माझी मान लचकली, तर दाराशी उंच दगडी ओटा आला. तो म्हणे कुत्र्याला बसायला. कुत्रं त्या ओट्यावर एकदाही चढलं नाही. माझ्यासाठी काही केलं असं म्हणायची त्यांना लाज, आणि ते माझ्यासाठीच आहे हे कळल्याचं दाखवायची मला.

मग न्हाणीचा विषय निघाला. म्हणजे निघाला नाही, नुसता घडला. न्हाणी म्हणजे घरामागं एक फरशी, दोन बाजूंना घराच्या भिंती आणि तिसऱ्या बाजूला कारवीच्या काटक्यांचा मोडका आडोसा. त्याच्या पलीकडूनच गुरांची वाट. मी झुंजुमुंजूला, कुणी उठायच्या आत, दोन तांबे घाईघाईनं अंगावर ओतून घ्यायची. एकदा गुराखी लवकर निघाला आणि मी ओल्या लुगड्यानं घरात पळाले, उंबऱ्याला ठेच लागून अंगठा फुटला. हे खांबाला म्हणाले, "ती काटक्यांची ताटी वासरं खात्यात. तिथं भिंतच पायजेल." भाताची झोडणी झाली आणि ह्यांनी ओढ्यातून दगड आणायला सुरुवात केली.

भिंत छातीएवढी झाली तेव्हा मला दिवस गेल्याचं माझ्या ध्यानात आलं. घरात बाईमाणूस नाही, सांगायचं कुणाला? ह्यांनाच सांगायचं, तर तेही लाजेचं. शेवटी मी भाकरी घेऊन मागं गेले, भिंतीच्या अलीकडून म्हणाले, "आवो, मने, ऐकलंस का... मला आंबट खावंसं वाटतंय." मांजर तिथं नव्हतीच. ह्यांच्या हातात दगड होता, वर ठेवायला उचललेला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि तो दगड खाली ठेवला. ठेवला तोही असा हळू, की आवाज होऊ नये.

आता खरी पंचाईत झाली. तिसरा महिना सरल्याशिवाय ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, दृष्ट लागते, असं मला माझ्या आईनं बजावलं होतं. पण चालू भिंत मधेच थांबवली, की आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही कारण कळतं. भिंत चढवावी तर लेकराच्या जिवाची भीती, थांबवावी तर गावभर डांगोरा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मामंजी. बाई पोटुशी आहे म्हणून मी भिंत थांबवली, हे बापाच्या तोंडावर म्हणणं म्हणजे तुम्ही त्या वेळी थांबला नाहीत असं म्हणण्यासारखंच. ह्यांच्या जिभेनं ते कधी झालं नसतं.

मग ह्यांनी जे केलं ते आठवलं, की अजून हसू येतं. हे भिंत बांधण्याचं सोंग करू लागले. सकाळी खोरं-पाटी घेऊन मागं जायचे, मातीत भाताचं तूस घालून चिखल तुडवायचे, घाम गळेपर्यंत तुडवायचे, आणि दिवस कलला की तो सगळा चिखल वांग्याच्या वाफ्यात नेऊन ओतायचे. ओढ्यावरून दगड आणायचे आणि बाजूला रचून ठेवायचे. भिंत होती तिथंच राहिली, दगडांचा ढीग मात्र तिच्या वर गेला. येणारे-जाणारे थांबून बघायचे. "काय गड्या, दगडं उबवतोस का काय?" गुराखी विचारायचा. हे मान खाली घालून चिखल तुडवत राहायचे. कान मात्र लाल झालेले असायचे.

शेजारच्या सखूकाकूंना तर आयतंच मिळालं. त्या पाण्याला जाताना मुद्दाम आमच्या मागच्या वाटेनं जायच्या. "आगं, तुज्या दादल्याला येवडी भित पुरी हुईना, संसार कसा हुयाचा?" म्हणायच्या. मी हसायची. भिंतीआड जाऊन सकाळची ओकारी काढायची, तोंड धुवायची आणि पुन्हा येऊन हसायची. मामंजी संध्याकाळी भिंतीसमोर उभे राहून ओरडायचे, "माज्या पोटी ह्यो असला ऐदी कसा निपजला? म्या तुज्या वयात..." आणि तिथं थांबायचे. मी तुझ्या वयात अख्खा गोठा उभा केला, हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी पुरं झालं नाही. हे उभे राहून ऐकून घ्यायचे. मी चुलीशी बसून ऐकायची. मला इतकी लाज वाटायची. माझ्या पोटासाठी हा माणूस गावात स्वतःचं हसं करून घेतोय आणि मला त्यांच्या बाजूनं एक शब्द बोलता येत नाही, याची लाज.

एक दिवस मात्र हे हसले. मी मागं गेले तर उरलेल्या चिखलाचा त्यांनी एक लहानसा बैल केला होता, मुठीत मावेल एवढा, आणि तो भिंतीवर सुकायला ठेवला होता. मी बघितलं हे कळल्यावर म्हणाले, "मांजराला खेळाया." आणि आपणच खो-खो हसायला लागले. भर उन्हात, मागच्या वाटेवर ऐकू जाईल असे हसले.

होळी तोंडावर आली होती. त्या दुपारी मी न्हाणीत गेले आणि पोटात कळ आली. खाली बसले ती उठताच येईना. थोड्या वेळानं सगळं कळून चुकलं. हे पलीकडं चिखल तुडवत होते. मी हाक मारली. त्यांचं नाव घेतलं मी, लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर पहिल्यांदाच. भिंतीवरून त्यांचं डोकं दिसलं. मी म्हणाले, "गेलं." बस, एवढंच. हे भिंत ओलांडून आत आले, मला उचललं, आणि चिखलानं माखलेल्या पायांनी, भर दिवसा, अंगणातून घरात घेऊन गेले. सखूकाकू वाटेवर होत्या. "आगं बया! लाज सोडली का काय म्हणायची ह्यांनी!" असं म्हणून हसत सुटल्या. संध्याकाळपर्यंत ती बातमी वाडीभर झाली. अर्ध्या भिंतीनं दिवसाढवळ्या बायको कडेवर घेतली. ज्या माणसाला माझ्याकडं बघायची लाज, त्याची ही बातमी. मामंजींना आम्ही सांगितलं, हिच्या पोटात दुखतंय.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मला दगडावर दगड बसल्याचा आवाज आला. मी पडूनच होते, पण तो आवाज मला ओळखू आला. दिवसभर येत होता. हे जेवायला आले नाहीत. थर चढत होते, मधे क्षणभर बसणं नाही. वाटेवरची माणसं म्हणत होती, "आखेर उजाडलं म्हणायचं! शाब्बास रं गड्या!" कुणी तरी थट्टेनं टाळ्याही वाजवल्या. त्या दिवशी आमच्या घरातलं दुःख सगळ्या वाडीच्या डोळ्यांसमोर उभं राहत होतं, आणि वाडी त्याला शाबासकी देत होती. दिवस मावळायच्या आत भिंत पुरी झाली.

मामंजी शेतातून आले, मागं गेले. मला आतून झरोक्यातून सगळं ऐकू येत होतं. "आता कसं!" मामंजी खुशीत म्हणाले. "ह्येच आदी केलं आस्तंस तर गावात शोभा झाली नसती."

हे काय उत्तर देतात म्हणून मी श्वास धरून होते. त्यांना कुणाशी सरळ बोलायची सवय नाही, वाटलं, आता दगडाशी तरी बोलतील. पण ते बापाशीच बोलले. "आबा, ती पोटुशी हुती."

पलीकडं मामंजींचं खोरं दगडावर टेकल्याचं ऐकू आलं.

"म्हून थांबलो हुतो. तीन महिनं सरल्याबिगर सांगायचं नव्हतं. कळल्यापास्नं म्या भितीला हात लावला न्हाई, आबा. तरीबी गेलं."

मग मामंजींचा आवाज आला, आणि तो त्यांचा वाटलाच नाही. "येक थर बी चढवला न्हाईस?"

"न्हाई."

"येक दगूड बी?"

"येक बी न्हाई."

मामंजी खाली बसल्याचा आवाज आला. मग त्या माणसाचं रडणं मी ऐकलं. इतकी वर्षं आपणच बायकोला मारलं असं मनाशी धरून बसलेला तो माणूस, आपल्या लेकानं एक दगड न लावताही लेकरू जातं, हे कळून रडत होता. माझ्या पोटचं गेलं होतं, आणि त्यानं जाता जाता माझ्या सासऱ्याच्या उरावरचं ओझं उतरवलं होतं. मला वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्यात कुठंतरी बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला कित्येक वर्षं पुरली.

अंधार पडायच्या सुमारास मामंजी आत आले. आयुष्यात कधी चुलीपुढं न बसलेला माणूस, पण त्यांनी चूल पेटवली आणि तांदळाची पेज टाकली. ती खाली करपली. मी सगळी खाल्ली. सकाळी बाहेर पाहते तर गोठ्याचं दार उघडं, आणि मामंजी आत, गाईच्या अंगावरून हात फिरवत उभे.

त्यांनी पुन्हा कधी ह्यांना ऐदी म्हटलं नाही. गाव मात्र म्हणत राहिलं. आम्ही तिघांनीही कुणाला काही सांगितलं नाही, कारण गेलेल्याची वाच्यता करायची नसते. नाव तसंच चिकटून बसलं. पुढं आम्हांला लेकरं झाली, त्यांनाही शाळेत त्या नावानं चिडवलं गेलं. ती रडत यायची, "बा, तुमाला आसं का म्हंत्यात?" हे हसून म्हणायचे, "म्या लई आळशी हुतो." मी भाकरी थापत असायची. माझा हात तव्यावर जरा जास्त वेळ थांबायचा.

पुष्कळ वर्षांनी आमच्या थोरल्यानं घराला पुढं पडवी काढायला घेतली. भिंत अर्धी झाली असताना सूनबाईला दिवस गेले. थोरला येऊन विचारायला लागला, "बा, काम थांबवू का?" मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे ताडकन म्हणाले, "खुळा का काय! भितीचा आन् त्याचा काय संबंद? बांद बिनघोर!" इतक्या ठामपणे बोलले, की मीच चकित झाले.

काम चालू राहिलं. मजूर होते, थोरला होता. हे मात्र रोज सकाळी आंब्याखाली जाऊन बसायचे, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. कुणी म्हणालं, जरा हा दगड सरकवा, तर म्हणायचे, "पाट दुखतीया." नातवाच्या बारशापर्यंत त्यांनी दगडाला बोट लावलं नाही. सखूकाकू तोवर पार वाकल्या होत्या, काठी टेकत वाटेनं जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गं, तुजी अर्दी भित आजून तशीच आळशी व्हय?"

"तशीच," मी म्हणाले, मांजरीला नाही, त्यांच्याकडं बघून. हे ऐकत होते. आंब्याखाली, एवढ्या वयात, त्यांचे कान लाल झाले.