पटकीनंतरची पहिली यात्रा

नेवाशातलं आमचं घर यात्रेकरूंवर चालायचं. एकादशीला लोक दर्शनाला यायचे, आमच्या पडवीत उतरायचे, माझ्या हातचं जेवायचे. नवरा पूजा सांगायचा.

युद्धाच्या काळात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि सरकारने यात्रा बंद केली. प्रवरेकाठी एक चिता विझायच्या आत दुसरी रचायचे. सासूबाई गेल्या. शेजारच्या गाडीवानाची बायको गेली, पाठोपाठ लेक. पाणी ते आमच्याच आडाचं न्यायचे. नंतर डॉक्टरने आडात तांबडं औषध टाकून पाणी चांगलं झाल्याचं सांगितलं. पण आमच्या पाण्यानेच माणसं गेली, हे गाडीवानाच्या मनातून जाईना.

बंदी उठली. पहिल्या एकादशीला त्याने यात्रेकरूंनी भरलेली गाडी आमच्या दाराअलीकडेच थांबवली आणि ओरडला, "त्या घरी उतरू नका! तिथल्या पान्यानं माझी मानसं मेली."

बाया लगेच बोचकी उचलून चालू लागल्या. नवरा ओट्यावरून धावला. गाडीवानाच्या हातातला आसूड हिसकून त्याच्याच तोंडावर ओढला. गाडीवानाने जोखडाची शिवळ, ती लाकडी खुंटी, उपसून नवऱ्याच्या कपाळावर, डोळ्यावर हाणली. डोळा फुटला. रक्ताने आंधळा झालेला नवरा त्याच्या मनगटाला चावतच राहिला. बैल बुजले आणि एका म्हाताऱ्याच्या पायावरून चाक गेलं.

मी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावले, गाडीवानाच्या पाठीवर घातलं. तो वळला.

"मार वैनी, मार! माज्यामागं आता रडाया कोन हाय?"

माझा हात पुन्हा उठला नाही.

यात्रेकरू पळाले. फुलवाले, पेढेवाले आमच्या दारात येऊन दोघांनाही शिव्या घालू लागले. "इतक्या दिसांनी चार मानसं आली, तीबी तुमी हाकलली!" एकाने भिरकावलेला दगड आमच्या दारावर आदळला. पोलिसांनी दोघांना नेलं, पुढे सोडून दिलं. नवऱ्याचा एक डोळा कायमचा गेला.

पुढच्या वर्षी माणसं पुन्हा येऊ लागली. कोपरगावच्या काही बायका राहायला जागा विचारत होत्या. बाकीची घरं भरलेली. गाडीवानाने त्यांना आमच्या दारात आणलं. खाली मान घालून म्हणाला, "वैनी, ह्यास्नी उतरवून घ्या."

नवरा ओट्यावर उभा होता. त्याच्या मुठी वळल्या होत्या. मी मधे जाऊन उभी राहिले. मग नवरा खाली उतरला, गाडीवानाकडे न बघता एका बाईच्या हातातलं बोचकं घेतलं आणि आत गेला.

पुढे बरीच वर्षं गाडीवानाची गाडी आमच्या दारात थांबत राहिली. दोघं एकमेकांशी मात्र कधी बोलले नाहीत.